एका पायाची वहाण

फार जुनी गोष्ट आहे. एका डोंगराच्या दोन अंगांना दोन वाड्या होत्या. उगवतीकडची करंजवाडी आणि मावळतीकडची उंबरवाडी. डोंगराच्या माथ्यावर मोठं कुरण होतं. पाऊस सरला की तिथं कमरेएवढं गवत डोलायचं. गवत एक आणि त्याच्यावर डोळा दोन वाड्यांचा. मग काय, दर साली काठ्या निघायच्या, डोकी फुटायची.

शेवटी दोन्हीकडच्या जाणत्या माणसांनी एकत्र बसून तोड काढली. दसरा झाला की प्रत्येक वाडीनं आपला एक धावणारा उभा करायचा. दोघांनी खिंडीतल्या देवळापासून पळत सुटायचं. आधी मुरमाची चढण, मग ओढ्याचा ओला कातळ, मग पुन्हा चढण, आणि माथ्यावरच्या निशाणाला हात लावायचा. ज्याचा हात आधी, त्याच्या वाडीची गुरं कुरणात आधी. दुसऱ्या वाडीनं दिवाळी झाल्यावर यायचं. तेव्हापासून गवतावरून कुणाचं रक्त सांडलं नाही.

करंजवाडीकडून शिदू धावायचा. अनवाणी. लहानपणापासून त्याच्या पायाला कधी चामडं लागलं नव्हतं. आणि तो लागोपाठ जिंकत आला होता, त्यामुळे वाडीला त्याच्या पायांचा मोठा अभिमान. शिदूच्या तळव्याला दगडसुद्धा भितात, असं लोक म्हणायचे. पाटील तर पाहुण्यारावळ्यांना त्याचे पाय दाखवायचे, जशी एखाद्यानं आपली बैलजोडी दाखवावी.

उंबरवाडीकडून धावायचा रखमाजी. त्याच्या पायात पातळ तळाच्या, टाचेमागून वादीनं बांधलेल्या वहाणा असायच्या. त्यावरून करंजवाडीचे लोक हसायचे. "पायात कातडं बांधून कुणी पळतं का? त्यापेक्षा डोलीत बसून यावं!" तिकडून उत्तर यायचं, "तुम्ही राहा तसेच रानटी!" असं करता करता गोष्ट अशी झाली, की अनवाणी धावायचं ते करंजवाडीनं आणि वहाणा घालायच्या त्या उंबरवाडीनं. जणू तो दोन वाड्यांचा धर्मच.

एका वर्षी उन्हाळ्यात वणवा लागला आणि करंजवाडीच्या कडब्याच्या गंजी जळून खाक झाल्या. पावसाळा गुरांनी कसाबसा बांधावरच्या चाऱ्यावर काढला. गाईंच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. कुरण दिवाळीआधी मिळालं नाही, तर वासरं हाताला लागणार नाहीत, हे सगळ्यांना दिसत होतं. जो तो शिदूच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचा, "तू आहेस म्हणून घोर नाही रे!"

आणि नेमका त्याच वेळी शिदूच्या डाव्या टाचेत काटा मोडला.

कुंपणात अडकलेली शेळी सोडवताना बाभळीचा काटा आत गेला होता. त्याच्या बायकोनं, सगुणानं, सुईनं तो काढला. वरची जखम मिटली, पण आत कुरूप धरलं. मातीवरून चालताना काही कळायचं नाही. पण मुरमाचा एखादा खडा नेमका टाचेखाली आला, की डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. शिदूनं कुणाला सांगितलं नाही. एकटा असला की चवड्यावर चालायचा. समोरून कुणी आलं की हसतमुखानं टाच टेकवायचा आणि तो माणूस वळणाआड होईपर्यंत श्वास धरून ठेवायचा.

सगुणाच्या नजरेतून ते सुटलं नाही. घरात एक फाटकी मोट पडली होती. वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी ओढून तिचं चामडं मऊ आणि पातळ झालं होतं. सगुणानं ते बेतून कापलं, वादी ओवली आणि वहाणांचा जोड शिदूपुढं ठेवला.

"हे काय?" शिदू दचकून म्हणाला.

"वहाणा. घालून बघा. हाताच्या कातडीसारख्या पातळ आहेत. जमीन कळेल, पण खडा टोचणार नाही."

"अगं, मी वहाणा घालून धावलो तर लोक काय म्हणतील? शिदू उंबरवाडीचा झाला म्हणतील."

"म्हणू द्यात. कळ त्यांच्या टाचेत येते का?"

शिदूनं वहाणा कोपऱ्यात सारल्या. पण दुसऱ्या दिवशी, भर दुपारी माणसं सावलीला टेकली होती तेव्हा, त्यानं वहाणा कांबळ्यात गुंडाळल्या आणि चोरासारखा डोंगराची वाट धरली.

देवळापाशी त्यानं त्या पायात बांधल्या आणि मुरमाच्या चढणीवर धाव घेतली. आणि काय सांगावं! टाचेत कळ नाही, काही नाही. कितीतरी दिवसांनी त्यानं पाय मोकळेपणानं टाकला. आनंदानं त्याला ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात ओढ्याचा कातळ आला. ओल्या, गुळगुळीत दगडावर त्याची बोटं नेहमी खेकड्यासारखी रुतायची. आज बोटांखाली चामडं होतं. उजवा पाय टेकला तो सर्रकन सटकला आणि शिदू कोपरावर आपटला.

त्यानं रागानं दोन्ही वहाणा काढल्या, परत खाली गेला आणि त्या कांबळ्यात घेऊन अनवाणी निघाला. कातळापर्यंत पोहोचलाच नाही. निम्म्या चढणीवर टाचेखाली खडा आला आणि तो पाय धरून मटकन खाली बसला.

वहाणा घालाव्यात तर कातळ पाडतो. काढाव्यात तर मुरूम मारतो. वाडीतल्या वासरांचे खोल गेलेले डोळे त्याला आठवले आणि त्याचे स्वतःचे डोळे भरून आले.

"फार लागलं का रे?"

शिदूनं चमकून वर पाहिलं. रखमाजी उभा होता! त्याची एक कालवड चुकली होती, ती शोधत तो खिंडीत उतरला होता. त्यानं पाहिलं नसेल असं काही उरलंच नव्हतं. वहाणा कांबळ्यातून समोर पडल्या होत्या, कोपर सोललं होतं आणि शिदूच्या डोळ्यांत पाणी होतं.

शिदूनं वहाणांवर कांबळं ओढलं. "हस, हस. तुझ्या वाडीत जाऊन सांग सगळ्यांना."

रखमाजी हसला नाही. तो शेजारच्या दगडावर बसला आणि त्यानं आपल्या वहाणांच्या वाद्या सोडल्या. "हे बघ," म्हणून त्यानं पाय पुढं केला. तळव्याला खोल भेगा पडल्या होत्या, काही ठिकाणी त्यांत रक्त सुकलं होतं.

"जन्मापासून असेच आहेत," तो म्हणाला. "अनवाणी चाललो की फुटतात. म्हणून आईनं वहाणा घातल्या. मला काय त्यांची हौस होती? पण वाडीनं त्याचा डंका केला. आता म्हणतात, रखमाजीच्या वहाणा म्हणजे आपली शान. कातळावर त्या सटकतात, तेवढी दोन पावलं त्या काढून हातात धराव्याशा वाटतात. पण काढल्या तर लोक म्हणतील, करंजवाडीची नक्कल केली."

शिदू बघतच राहिला. इतकी वर्षं ज्याला तो ऐटबाज समजत होता, त्याच्या पायांची ही दशा!

"दुखतो कुठला पाय?" रखमाजीनं विचारलं.

"डावा. टाच."

"मग उजव्याला कशाला बांधलीस?"

शिदूनं आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. मग तो म्हणाला, "एकाच पायात वहाण घालून पळणारा कुणी पाहिलायस का?"

"नाही पाहिला. पण दोन्ही टाचांत एकाच वेळी काटा मोडलेलाही कुणी पाहिला नाही."

दोघांनाही हसू फुटलं. हसता हसता शिदूचं मन एकदम हलकं झालं. मग त्यानं विचारलं, "मला हे कशाला सांगतोस? मी लंगडत राहिलो तर कुरण तुमचंच आहे."

"लंगड्याला हरवून घरी जाऊ? मला आरशात तोंड बघायचं असतं, गड्या." रखमाजीनं वाद्या बांधल्या आणि तो उठला. "चल, माझी कालवड कुठं दिसली तर हाक मार."

शिदूनं त्याला हाक मारून थांबवलं. "रखमाजी! कातळावर टाच टेकवू नकोस. चवड्यावर जा, आणि पाण्याच्या कडेनं नको, वरच्या खडबडीत अंगानं जा."

रखमाजीनं मान हलवली आणि तो झाडीत दिसेनासा झाला.

शिदूनं डाव्या पायात वहाण बांधली, उजवा मोकळा ठेवला आणि पुन्हा धाव घेतली. पहिल्यांदा अडखळला. चामडं इतकं पातळ होतं की दोन पायांत उंचीचा फरक जाणवत नव्हता, फक्त सवय नव्हती. दुसऱ्यांदा बरं जमलं. कातळावर त्यानं सगळा भार उजव्या पायावर घेतला. उजव्या पायाची बोटं दगड धरून राहिली. तिसऱ्यांदा त्याला पायांचा विचारच करावा लागला नाही.

आता राहिला होता तो वाडीला तोंड दाखवण्याचा प्रश्न. ऐन शर्यतीच्या वेळी सगळ्यांना धक्का देणं त्याला बरं वाटेना. संध्याकाळी तो पाटलांच्या गोठ्यात गेला. पाटील गाईची धार काढायला बसले होते. चरवीत जेमतेम तळ झाकेल एवढं दूध होतं.

"पाटील, एक सांगायचं होतं." शिदू पुढं येऊन म्हणाला. "माझ्या टाचेत कुरूप आहे. अनवाणी धावलो तर मी माथ्यावर पोहोचणार नाही. मी एका पायात वहाण घालून धावणार आहे. वाडीची मान खाली जात असेल तर आजच सांगा, मी दुसऱ्या कुणाला तरी पुढं करतो."

पाटलांचा हात थांबला. त्यांनी चरवी बाजूला सारली. शिदूला वाटलं, आता कडाडतील.

"सांगितलंस बाबा एकदाचं!" पाटील म्हणाले आणि त्यांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की गाईनं वळून पाहिलं. "तू लंगडतोस हे मला केव्हाच दिसलंय. माझ्या जिवाला नुसता घोर लागलाय. पण विचारू कसं? विचारलं तर तुझा मान जाईल, असं वाटून गप्प राहिलो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला? पाणवठ्यावरच्या बायकांना माहीत आहे, गुराख्यांना माहीत आहे. तू समोर आलास की सगळे मुद्दाम दुसरीकडे बघतात. तुला लपवता यावं म्हणून!"

शिदू तिथंच गोठ्यातल्या खांबाला टेकला. इतके दिवस तो वाडीपासून लपवत होता आणि वाडी त्याच्यापासून.

"मग त्या मानाचं काय?" त्यानं हळूच विचारलं.

"अरे, गवत गाईंना खायचं आहे. तू काय घालून ते आणलंस, हे गाय विचारते का? मीच मूर्ख. पाहुण्यांना तुझे पाय दाखवत बसलो. एका पायात वहाण घाल, नाहीतर डोक्यावर बांध, पण धाव!"

त्या रात्री शिदूला शांत झोप लागली.

शर्यतीच्या सकाळी देवळापाशी दोन्ही वाड्या जमल्या. शिदूच्या एका पायात वहाण बघून उंबरवाडीत खसखस पिकली. "काय रे शिदू, दुसरी कुत्र्यानं पळवली का?" कुणीतरी ओरडलं. शिदूचे कान लाल झाले. पण करंजवाडीच्या गर्दीतून सगुणाचा खणखणीत आवाज आला, "दुसरी घरी ठेवलीय! पाहिजे असेल तर धाडून देते!" आणि हसणारे आपसूक गप्प बसले.

ढोलावर टिपरी पडली. दोघे सुटले.

मुरमाच्या चढणीवर दोघे खांद्याला खांदा लावून होते. खडे टाचेखाली येत होते आणि जात होते, शिदूला फक्त त्यांचा आवाज ऐकू येत होता. मग कातळ आला. शिदू उजव्या पायावर भार टाकत, पाण्याला न बिचकता सरळ गेला. मागं रखमाजी क्षणभर थांबला. त्यानं वाकून दोन्ही वहाणा काढल्या, हातात घेतल्या आणि वरच्या खडबडीत अंगानं, चवड्यावर, झपाझप निघाला. उंबरवाडीचे लोक तोंडात बोट घालून बघत राहिले. दरवर्षी इथंच तो मागं पडायचा. या वेळी तो कातळावरून जवळजवळ शिदूबरोबरच उतरला.

पण वहाणा पुन्हा बांधायला त्याला खाली बसावं लागलं. तेवढाच काय तो फरक. शेवटच्या चढणीवर रखमाजी वाऱ्यासारखा आला. शिदूला कानाशी त्याचा श्वास ऐकू येत होता. शिदूनं हात लांब केला आणि निशाणाची काठी धरली. लगेच तिच्यावर दुसरा हात पडला.

"तुझा आधी," रखमाजी धापा टाकत म्हणाला. निशाणापाशी उभ्या असलेल्या पंचांनी विचारायच्या आतच.

खालून करंजवाडीचा जल्लोष उठला. शिदूनं खाली बसून वादी सोडली आणि भीत भीत टाच पाहिली. रक्त नाही, सूज नाही. त्यानं डोळे मिटले.

"पुढच्या वर्षी मी कातळाआधी वहाणा काढून, शेवटची चढणही तशीच चढणार," रखमाजी शेजारी बसत म्हणाला. "मग बघू."

"भेगांना लावायला सगुणाकडून लोणी घेऊन जा," शिदू म्हणाला. "आता आमच्या गाई दूध देतील."

दुपारी करंजवाडीची गुरं कुरणात शिरली. आधी ती बावरून उभी राहिली, मग त्यांनी माना खाली घातल्या आणि नुसता गवत तोडल्याचा कुरुकुरु आवाज सगळीकडे भरून राहिला. एक वासरू गवतात पार बुडालं होतं, त्याचे फक्त कान दिसत होते. शिदूनं दोन्ही पाय मोकळे सोडले, गवतात अंग टाकलं आणि गुरांच्या घंटा ऐकता ऐकता तो गाढ झोपी गेला.

तात्पर्य: वाट आपल्यालाच चालायची असते, म्हणून पायाला काय हवं ते लोकांच्या कौतुकाला नव्हे, आपल्या पायाला विचारावं, आणि दुखतंय ते आपल्या माणसांना सांगावं, कारण बऱ्याचदा तीही ऐकण्याची वाट बघत थांबलेली असतात.