‘नाही’ सांगायला येणारे नाना

फार वर्षांपूर्वी, राज्य अजून नवं होतं आणि भैरीच्या खोऱ्यात डांबराचा रस्ता आला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. ती अशीच घडली का, हे विचारायचं असेल तर खोऱ्यात जा. तिथं प्रत्येक वाडीत ती थोडी वेगळी ऐकायला मिळेल, आणि प्रत्येक वाडी आपलीच खरी म्हणून हटून बसेल. बसू द्या. मधला गाभा सगळीकडे एकच आहे.

भैरी नदीच्या या खोऱ्यात केरबा लाड नावाचा एक माणूस राहायचा. जमीन थोडी, पाय लांब, बोलणं कमी. कुणाचं मयत झालं, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, कुणाचा बैल कड्यावरून गेला, की ही बातमी सांगायला कुणाची जीभ रेटायची नाही. मग लोक म्हणायचे, “केरबाला धाडा.” केरबा जायचा. उंबऱ्याशी उभा राहायचा आणि जे असेल ते एका वाक्यात सांगायचा. घुटमळायचा नाही, गोड करून सांगायचा नाही. सांगून झालं की तिथंच बसायचा आणि त्या घरातली चूल पेटेपर्यंत उठायचा नाही. असं म्हणतात, की केरबाच्या तोंडून ऐकलेलं दुःख निम्मं व्हायचं. त्याच्याच वाडीतले लोक मात्र म्हणतात, निम्मं कुठलं, पण उचलता येईल एवढं व्हायचं.

अशात निवडणूक आली. खोऱ्यात दोन मोठी माणसं उभी होती. एकाची भाताची गिरणी होती, दुसऱ्याकडे जीप होती. दोघांनी बाजाराच्या दिवशी सभा घेतली आणि रस्ता, वीज, शाळा, दवाखाना असं सगळं काही देऊन टाकलं. गर्दीतला एक म्हातारा उठून म्हणाला, “आन न्हाई झालं तर?” दोघंही हसले. म्हातारा हसला नाही. त्याने मान वळवून मागे उभ्या असलेल्या केरबाकडे पाहिलं, आणि त्याच्याबरोबर सगळ्या बाजाराने पाहिलं. केरबाने नको नको म्हणून हात जोडले. असं म्हणतात, की त्याचा नकार कुणी ऐकला नाही अशी ती एकच वेळ.

तर केरबा आमदार झाला. आमदाराला अरेतुरे करणं बरं दिसत नाही म्हणून खोरं त्याला नाना म्हणू लागलं. आपणही आता नानाच म्हणू.

नाना मुंबईला गेले. असं म्हणतात, की घाट उतरायला गाडी मिळाली नाही म्हणून ते चालतच गेले, आणि विधानसभेच्या गालिच्यावर त्यांच्या पायांची तांबडी माती उमटली. शिपायांनी ती घासली, धुतली, पण डाग हटेना. शेवटी त्यांनी तेवढा भाग खुर्चीखाली सरकवला आणि नानांना म्हणाले, “आता तुम्ही इथंच बसा.” नाना तिथं बसले ते बरीच वर्षं.

त्यांची कामाची तऱ्हा मात्र साऱ्या आमदारांत वेगळी होती. एखादं काम मंजूर झालं, की नाना एसटीच्या कंडक्टरकडे निरोप द्यायचे. नामंजूर झालं, की स्वतः यायचे. उन्हाळा असो, पाऊस असो, ज्याने काम सांगितलं त्याच्या दारात उभे राहायचे आणि म्हणायचे, “तुमचं झालं न्हाई.” मग बसायचे. मुंबईतल्या एका जाणत्या आमदाराने त्यांना समजावलं, “अहो, होकार सांगायला जावं, नकार आपोआप कळतो.” नाना म्हणाले, “हुकाराला कोन बी चालतं. न्हाईला मानूस लागतो.”

याचा परिणाम असा झाला, की लोक नानांना भिऊ लागले. बांधावरून त्यांचं पागोटं दिसलं की वाडीत पळापळ व्हायची. “आलं रं नाना. आता कुनाचं बुडालं?” असं म्हणत बाया पटापट दारं लोटून घ्यायच्या. शिवा पैलवानाने तालमीसाठी अर्ज केला होता. नाना येताना दिसले तसा तो एवढा मोठा गडी भाताच्या कणगीत जाऊन बसला. नानांनी कणगीलाच सांगितलं, “शिवा, तालीम झाली न्हाई,” आणि कणगीला टेकून बसले. भाताच्या कुसांनी अंग खाजायला लागल्यावर पैलवान बाहेर आला. मग दोघं मिळून ताक प्याले. असं म्हणतात, की खोऱ्यातली कुत्री नानांवर भुंकायची नाहीत. ज्या घरी नकार जायचा, त्या घराच्या अंगणात ती आधीच जाऊन बसायची.

विरोधकांनी त्यांना ‘नन्नाचा आमदार’ असं नाव पाडलं. तरी पुढच्या खेपेला नानाच निवडून आले, आणि त्याच्या पुढच्याही. कारण हळूहळू खोऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट आली होती. नाना आले नाहीत, तर काम होणार. लोकांनी सरकारी कागदाची वाट पाहणं सोडलं. ते वाटेकडे पाहत. वाटेवर नाना दिसले नाहीत, की शाळेसाठी जागा सपाट करायला घेत, विजेच्या खांबांसाठी खड्डे खणून ठेवत. आणि खरोखरच शाळा यायची, खांब यायचे. एखाद्या माणसाच्या न येण्यावर एवढा भरवसा दुसऱ्या कुठल्या मुलखात कुणी टाकला असेल असं वाटत नाही.

आता उंबरखोलचं ऐका. उंबरखोल हे खोऱ्यातलं शेवटचं गाव, तेही नदीच्या पल्याड. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून माणसं ये-जा करत. पावसाळ्यात भैरी अशी फुगायची, की उंबरखोल जगातून वजा व्हायचं. म्हणून गावात एक रीत पडली होती. पोटुशी बाई पावसाळ्यात गावात ठेवायची नाही. मृग निघायच्या आत तिला नदीपार कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायची. डॉक्टर अलीकडे, दवाखाना अलीकडे. उंबरखोलच्या कितीतरी बायकांनी आपली बाळंतपणं अशी दुसऱ्यांच्या पडवीत काढली होती.

त्या गावात हौसाबाई नावाची एक विधवा होती. तिला एकुलती एक लेक, सुंदरा. सुंदराचं लग्न झालं तेव्हा हौसाबाई नानांना म्हणाली, “नाना, माझं एकच मागनं. नदीवर पूल करा. माझी लेक माझ्या घरात बाळंत हू दे.” नानांनी त्या पुलासाठी कितीतरी अधिवेशनं घालवली. अखेर एका दिवाळीत, ज्यांच्याकडे पुलांचं खातं होतं ते मंत्री त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “नाना, पूल झाला समजा. पावसाच्या आत माणसं त्यावरून चालतील.”

नानांना इतका आनंद झाला, की त्यांनी आपली रीत मोडली. होकार सांगायला ते स्वतः उंबरखोलला गेले. त्यांना पाहून गावाने दारं लावून घेतली. हौसाबाईने तर कानांत बोटं घातली. नाना अंगणात उभे राहून हसायला लागले, आणि नाना हसताना कधी कुणी पाहिले नव्हते, तेव्हा गावाला कळलं. त्या दिवशी हौसाबाईने त्यांना गुळाचा चहा केला, घरात होती ती सगळी साय त्यात घातली. सुंदरा तेव्हा माहेरी आलेली होती. तिने नानांच्या पायांवर डोकं ठेवलं. नानांच्या साऱ्या आमदारकीतला तो सर्वांत सुखाचा दिवस.

शिमग्याच्या सुमारास मुंबईत मंत्री बदलले. नवे मंत्री म्हणाले, “यंदा तुमचा पूल नाही. पुढं बघू.” नानांनी ऐकलं आणि नेहमीप्रमाणे पिशवी उचलली. स्टेशनावर आले. गाडी उभी होती. तिच्या दांडीला धरून ते कितीतरी वेळ तसेच राहिले. त्यांच्या डोळ्यांसमोर तो चहा होता, ती साय होती, पायांवर टेकलेलं डोकं होतं. त्या दारात उभं राहून नाही कसं म्हणायचं? त्यांनी मनाशी म्हटलं, आठ दिवस थांबू. होकार घेऊनच जाऊ. गाडी सुटली आणि नाना माघारी फिरले.

आठ दिवस गेले, आणखी आठ गेले. नाना मंत्र्यांच्या दाराबाहेर बसून राहिले. आपण गेलो नाही याचा खोऱ्यात काय अर्थ होतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी ते गेले नाहीत. खोऱ्यातले लोक ही गोष्ट सांगताना इथं थांबतात, पाणी पितात, आणि मग पुढं सांगतात.

उंबरखोलात वैशाख संपत आला. नदीवर ना दगड आला ना गवंडी. सुंदराचे दिवस भरत आले होते. शेजारणी म्हणाल्या, “हौसा, रीत मोडू नगंस. पोरीला पल्याड ने.” हौसाबाई म्हणाली, “नाना आल्यात का? न्हाई न्हवं? मंग पूल हुतोय.” शेजारणींनी पुन्हा विषय काढला नाही, कारण त्यांचंही तेच मत होतं.

त्या वर्षी पाऊस मृगाची वाट न पाहता आला, आणि एका दिवसात भैरी दोन्ही थड्या भरून वाहू लागली. नाना निघाले ते तेव्हा. भर दुपारी ते नदीवर पोचले. थडीवरचे लोक म्हणाले, “नाना, पाय घालू नगासा, नदी सोडायची न्हाई.” नानांनी धोतर खोचलं आणि ते पाण्यात उतरले. असं म्हणतात, की भैरीने त्यांना वाट दिली. पाणी दोन्हीकडे उभं राहिलं आणि नाना वाळूवरून चालत गेले. उंबरखोलचे लोक हे मान्य करत नाहीत. ते म्हणतात, वाट द्यायची तर नदीने आदल्या दिवशी दिली असती. नाना बुडत, आपटत, लाकडासारखे वाहत आले आणि पल्याड लागले. उठले तेव्हा त्यांच्या डोक्यावर पागोटं नव्हतं.

हौसाबाईच्या अंगणात बायका बसलेल्या होत्या. आतून तान्ह्या मुलीचं रडणं ऐकू येत होतं. सुंदरा सकाळीच गेली होती.

नाना उंबऱ्याशी उभे राहिले. म्हणाले, “हौसाबाई, पूल हुनार न्हाई.”

हौसाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. “शिमग्याला सांगितलं असतंसा, तर तिला म्या पल्याड नेली असती,” ती म्हणाली. “न्हाई म्हनायचं तुमाला कवा भ्या वाटलं न्हाई, नाना. आमच्याच येळंला कसं वाटलं?”

नाना म्हणाले, “तुमच्या घरचा च्या प्यालो हुतो.”

नाना खाली बसले. मयताच्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, पुढंही काही दिवस पेटत नाही. नाना उठले नाहीत. शेजारच्या घरून आलेली भाकरी त्यांनी हौसाबाईच्या आधी खाल्ली नाही. असं म्हणतात, की त्या दिवसांत त्यांचे भिजलेले कपडे अंगावर वाळलेच नाहीत. सुतक फिटलं, हौसाबाईने राखेतून निखारा उकरून चूल पेटवली, तेव्हा नाना उठले आणि मुंबईला गेले.

सभागृहात ते एकदाच मोठ्याने बोलले ते तेव्हा. सगळ्यांना वाटलं, आता नाना मंत्र्यांवर तुटून पडणार. नाना म्हणाले, “उंबरखोलची सुंदरा बाळंतपनात गेली. मी येळंवर सांगितलं असतं तर ती जगली असती. माझं नाव लिहून घ्या.” असं म्हणतात, की त्यांच्या धोतरातून पाणी ठिबकत होतं आणि त्याचा ओघळ थेट मंत्र्यांच्या बाकापर्यंत गेला. मंत्री उभे राहिले आणि म्हणाले, “पूल मंजूर. नाना, गावात जाऊन सांगा.” नाना म्हणाले, “न्हाई साहेब. आता पूलच सांगंल.”

पुढच्या पावसाच्या आत पूल उभा राहिला. मग निवडणूक आली, आणि नाना खोऱ्याच्या तळापासून एकेक दार घेत वर निघाले. प्रत्येक उंबऱ्याशी उभं राहून एवढंच सांगायचे, “मी हुबा ऱ्हानार न्हाई.” लोक रडले, काही जण भांडले. शिवा पैलवानाने पाय धरले. नाना जरा बसायचे आणि पुढं जायचे. शेवटचं घर हौसाबाईचं. तिच्या कडेवर नात होती. नानांनी तिलाही तेच सांगितलं.

हौसाबाई म्हणाली, “मंग आता न्हाई सांगायला कोन येनार?”

नानांनी खाली मान घातली. साऱ्या जन्मात त्यांना उत्तर न आलेला तो एकच प्रश्न, असं म्हणतात.

नाना कधी गेले, कुठं गेले, याविषयी वाड्यावाड्यांचं पटत नाही. कुणी म्हणतं आपल्या घरी झोपेत गेले, कुणी म्हणतं गेलेच नाहीत, फेरीवर आहेत. कुत्री अंगणात येऊन विनाकारण बसली, की म्हाताऱ्या बाया अजून पदर सावरतात.

खोऱ्यात मृगाचा आदला दिवस हा नानांचा दिवस असतो. त्या दिवशी पूजा नसते, हार नसतो. ज्याने ज्याला शब्द दिलाय आणि तो पाळता येणार नाही, त्याने त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं आणि एका वाक्यात सांगायचं. घरचे खाली मान घालून ऐकून घेतात. ओरडायचं नाही, असा दंडक आहे. सांगणाऱ्याने बसून राहायचं आणि घरच्यांनी “उठा आता” म्हटल्यावर उठायचं. पुण्या-मुंबईला गेलेली मुलंही त्यासाठी येतात, कारण फोनवर सांगितलेलं धरत नाहीत.

आणि निवडणुकीच्या दिवसांत उमेदवार पुलावरून गाड्या घेऊन उंबरखोलात येतात. काय काय देणार ते सांगतात. गाव मध्ये बोलत नाही, सगळं ऐकून घेतं. मग सुंदराची मुलगी पुढं येते. लग्न करून ती गावातच राहिली, आता तिचेही केस पिकलेत. ती विचारते, “आन न्हाई सांगायला कोन येनार?”

जो म्हणतो, कार्यकर्त्याला पाठवीन, त्याला चहा देतात आणि पुलापर्यंत पोचवून येतात. जो खाली मान घालून गप्प राहतो, त्याला ती म्हणते, “बसा.”