आईसाहेबांना ऐकवलेला मथळा

निंबवडीत पाण्याची टाकी कोसळली आणि पाणी भरायला गेलेल्या चार बाया गेल्या. उपसंपादक शालन कोळपेनं मथळा दिला, 'टाकी कोसळून चौघींचा मृत्यू'. पेपरचे मालक बापूसाहेब, ज्यांनी जन्मात स्वतःच्या वाढदिवसाच्या जाहिरातीपलीकडे काही लिहिलं नव्हतं, त्यांनी तो खोडला आणि वर लिहिलं, 'आमदारांकडून निंबवडीची पाहणी'.

"हाच छापायचा. नाहीतर उद्यापासून येऊ नका, शालनबाई!"

वीस वर्षांची नोकरी होती. शालन वाद घालत बसली नाही. "बरं मालक. पण आईसाहेबांना दिसत नाही, म्हणून रोज मथळा आधी त्यांना फोनवर ऐकवता ना? त्यांचं तर माहेर निंबवडी."

बापूसाहेबांनी ऐटीत फोन लावून मथळा वाचला.

पलीकडून म्हातारी किंचाळली, "आमदार निंबवडीला? अरे, मेलं कोण ते सांग आधी!"

बापूसाहेबांची ऐट उतरली. त्यांनी एकेक करून चार नावं सांगितली. दुसऱ्या नावाला पलीकडून हुंदका आला.

"मालक," शालन हळूच म्हणाली, "आईंनी जे पहिलं विचारलं, त्याचं उत्तर म्हणजे मथळा."

सकाळी मथळा शालनचाच होता आणि खाली चारही नावं होती. आमदार शेवटच्या ओळीत सापडले, तेही चष्मा लावून शोधणाऱ्यांना.