टोपलीखालची डेझी

टोपल्या-खुरप्यांचं बोलणं माणसांना कळायचं, त्या काळातली गोष्ट. शेवंताकाकूंनी अंगणात डेझीची कोवळी रोपं लावली आणि कोंबडीची पिल्लं झाकायची जुनी टोपली त्यांच्यावर पालथी घातली. गावाला जाताना त्या टोपलीला म्हणाल्या, "दुपारच्या उन्हापुरती सावली धर. सकाळ-संध्याकाळ मात्र बाजूला हो."

पण टोपलीच्या मनातून ती घार जात नव्हती. एकदा वाऱ्याने टोपली जराशी कलंडली होती, आणि तेवढ्यात घारीने पिल्लू उचललं होतं. त्यामुळे या वेळी ती जागची हललीच नाही.

"मावशी, थोडं ऊन दाखव ना," रोपं विनवायची.

"वर घार आहे. गप्प बसा."

"अगं, घार रोपं नेत नाही," भिंतीजवळचं खुरपं म्हणालं.

"तुझं कधी कुणी गेलंय का?" टोपलीने विचारलं. हळूहळू रोपांचं विनवणं थांबलं.

काकू परतल्या आणि त्यांनी टोपली उचलली. खाली दोऱ्यासारखे पांढरे देठ मातीवर आडवे पडले होते. काकूंनी त्यातला एक देठ बोटांवर उचलून धरला.

"नीट बघून घ्या, काकू," टोपली समाधानाने म्हणाली. "घारीला एकही नेऊ दिलं नाही."