नवउद्योग केंद्र आणि मठाची विहीर

“...मग कमी काय आहे, तेवढंच सांगा अप्पा!”

शशांक बिडवेचा आवाज मठाच्या ओसरीवर जरा जास्तच चढला. जिल्ह्याच्या गावी त्याने नवउद्योग केंद्र उभं केलं होतं. काचेची इमारत, महागडी प्रयोगशाळा, पुण्यामुंबईच्या तज्ज्ञांची भाषणं. कशातच हात आखडता घेतला नव्हता. तरी येणारी पोरं हजेरीची ॲपं करायची आणि जायची. चिप, ड्रोन, नवं औषध... त्या वाटेला कुणी फिरकत नव्हतं. यंदाही असंच झालं तर केंद्राला टाळं लागणार होतं, आणि त्याचा तर सगळा जीव त्यात अडकलेला.

मठाचे मन्मथअप्पा शेंगा सोलत होते.

“तुझ्याकडं कुणी बुडालं का रे?”

“एक बुडाला. रमाकांत म्हेत्रे. मातीतली ओल सांगणारी चिप करत होता. आयुष्याची उमेदीची वर्षं घातली, पण जमलं नाही. त्याच आठवड्यात जागा रिकामी करून घेतली.” शशांक ताठ बसला. “आमच्याकडं अपयशाला थारा नाही, अप्पा.”

“हं...”

अप्पा उठले आणि मागच्या विहिरीकडे निघाले. शशांकही मागे गेला.

“पोहायला येतं?”

“म्हणजे काय! ह्याच विहिरीत शिकलो. काकांनी पाठीला भोपळा बांधला आणि दिलं ढकलून. आता सवय मोडली, ती गोष्ट वेगळी.”

“भ्याला नाहीस?”

“कशाला भिऊ? खाली पाण्यात माधवमामा होते ना. लहानपणी ते स्वतः इथं बुडता बुडता वाचलेले. कुठं पाय टेकतो, कुठं कपार आहे, सगळं त्यांना ठाऊक.”

शशांक कठड्याशी उभा होता. अप्पा त्याच्या मागे आले आणि त्यांनी त्याच्या पाठीवर तळहात टेकला. किंचित जोर दिला.

“अप्पा, नको! खाली कुणी नाही!”

हात तिथेच राहिला.

...

शशांक कठड्यावरच टेकला. त्याला स्वतःचीच लाज वाटली, आणि ती त्याने लपवलीही नाही.

“पोरांसाठी खाली पाण्यात उभा राहील असा एकच होता, त्यालाच मी हाकललं. म्हेत्रेला आता कुठल्या तोंडानं बोलावू, अप्पा?”

“बोलावू नकोस, तूच जा. आणि गेल्या गेल्या विचार... तळ कुठं लागला?”