चांदीचं बेलपान

डोंगराच्या कुशीत, हिरव्यागार बांबूच्या बनाला लागून एक इवलीशी झोपडी होती. तिथं नऊ वर्षांची सगुणा एकटीच राहायची. चिमुकल्या बोटांनी ती बांबूच्या टोपल्या विणायची आणि गावातल्या बायका त्याबदल्यात तिला भाकरी द्यायच्या. त्यातलीही चतकोर ती चिमण्यांना घालायची. सगळे म्हणायचे, "किती गुणी पोर!"

ते ऐकलं की सगुणा मान खाली घालायची. आपण काय केलंय, ते तिला एकटीलाच ठाऊक होतं.

वर्षापूर्वी महादेवाच्या देवळातलं चांदीचं बेलपान तिनं उचललं होतं. किती लखलखत होतं ते! जणू चांदण्याचा तुकडाच. पण गावात शोधाशोध सुरू झाली, बाबा रागानं थरथरू लागले, आणि घाबरलेल्या सगुणानं थोरल्या बहिणीकडे बोट दाखवलं. "ताईनं घेतलं."

गिरजाताईनं शपथा घेतल्या, ती रडली. कुणी ऐकलं नाही. बाबांनी पंधरा वर्षांच्या लेकीला घराबाहेर काढलं. ती नदीपलीकडच्या गावी गेली आणि परक्यांची भांडी घासू लागली. आई आधीच नव्हती; पुढं बाबाही तापानं गेले आणि सगुणा एकटी पडली. तेव्हापासून देवळाची घंटा वाजली की सगुणा कानांवर हात ठेवायची.

एका सोनेरी सकाळी बनात बांबू तोडताना तिला बारीक रडू ऐकू आलं. करवंदाच्या जाळीत बोटाएवढी एक परी अडकली होती! तिचे पंख मोरपंखी, झगा जांभळाच्या रंगाचा, केसांत दवाचे मोती. सगुणानं काट्यांत हात घातला. बोटं रक्ताळली, पण पंखाला ओरखडाही न लागता तिनं परीला सोडवलं.

"गोड पोरी, एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण तीन नियम आहेत. झालेली गोष्ट पुसता येणार नाही. कुणाचं मन वळवता येणार नाही. आणि स्वतःसाठी काही मागता येणार नाही."

"माझे बाबा परत येऊ देत!"

"ते झालेलं आहे, बाळा."

"मग ताईचा राग जाऊ दे."

"ते तिचं मन आहे."

सगुणा रडत म्हणाली, "मग मी खोटं बोलले ते मला विसरू दे. मला झोप येत नाही गं!"

"ते तुझ्यासाठी झालं."

"मग आता मी करू तरी काय?"

परी तिच्या तळहातावर बसली. "तू देवाकडे गेली होतीस कधी?"

"मी त्याचं बेलपान चोरलंय. तो मला हाकलून देईल."

"त्यानं तुला कधी हाकललं? कान तर तूच झाकून घेतेस. जा. त्यासाठी इच्छा लागत नाही. इच्छा सुचली की मला हाक मार."

सगुणानं चुलीमागे पुरलेलं बेलपान उकरून काढलं आणि ती देवळात गेली. पिंडीपुढं ते ठेवून ती सगळ्यांसमोर म्हणाली, "देवा, मी घेतलं होतं. ताईनं नाही. मी खोटं बोलले."

"अगं, मग त्या पोरीचं आम्ही काय करून बसलो!" गुरवबाबा कळवळून म्हणाले. गुणी पोर म्हणणाऱ्या बायकांनी तोंडं फिरवली. सगुणानं पिंडीवर डोकं टेकलं आणि ती खूप रडली. हळूहळू तिच्या छातीतला दगड हलला. वर घंटा वाजली. या वेळी तिनं कान झाकले नाहीत.

मग ती नदी ओलांडून गेली. गिरजाताई अंगणात राखेनं भांडी घासत होती. तिचे हात भेगाळून लाल झाले होते.

"ताई, मी देवळात सगळं खरं सांगितलं. मला माफ कर."

गिरजाताईनं वर पाहिलं नाही. "बाबा जाताना काय म्हणाले?"

सगुणानं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. "रोज विचारायचे, गिरजा आली का? तुला बोलवायला हवं होतं. मी तेव्हाही गप्प बसले."

गिरजाताईच्या हातातलं पातेलं खाली पडलं. "ते माझी वाट बघत होते? आणि मी इथं..." तिनं मनगटानं डोळे पुसले. मग ती म्हणाली, "देवानं केलं असेल तुला माफ. मला नाही जमत, सगू."

सगुणानं मान हलवली. तिनं हळूच हाक मारली, "परीताई, माझ्या ताईचे हात बरे होऊ देत."

गुलाबी, निळ्या, पिवळ्या ठिणग्यांचा एक पाऊस अंगणात उतरला. भेगा मिटल्या, हात कमळासारखे मऊ झाले. परीनं सगुणाच्या कपाळावर ओठ टेकवले, आणि लख्ख उजेड होऊन ती त्या उजेडातच विरून गेली.

गिरजाताई आपल्या हातांकडे बघत राहिली. तिनं सगुणाला जवळ घेतलं नाही. सगुणा वळून चालू लागली, कुंपणापर्यंत पोहोचली, तेव्हा मागून आवाज आला.

"सगू, नदीला पाणी चढतंय. वरच्या उथळ वाटेनं जा."

आणि थोड्या वेळानं, अगदी हळू,

"उद्या ये."