मिठाच्या दारावरची जोडी

त्या नगरीत मीठ न बोलावता आत येत असे आणि ते रोज बाहेर काढावे लागत असे. याहून वेगळा दिवस तिथे कोणी पाहिलेला नव्हता.

नगरी चारी बाजूंनी खाऱ्या पाण्यात होती. तिच्याभोवती भिंत होती, पण दगडाची नव्हे. ती तेलकट होती, पातळ होती आणि टेकले की थोडी हलत असे. वारा तिच्यातून कोणाला न विचारता ये-जा करी. पाण्यासाठी अरुंद मोऱ्या होत्या. साखरेला स्वतःहून आत येता येत नसे, तिला हात धरून आणणारे लोक होते. त्यांना या कामाचे श्रम पडत नसत, कारण साखर बाहेर भरपूर होती आणि आत कमी. उताराचे काम कोणालाही जमते. मीठ बाहेर काढणे हे चढाचे काम होते.

मीठ फटीफटीतून येई आणि मिठामागे पाणी येई. मीठ जिथे साचेल तिथे पाणी जायचेच, त्याला कोणी समजावू शकत नसे. म्हणून भिंतीत ठिकठिकाणी मिठाची दारे होती आणि प्रत्येक दारावर एक जोडी होती. जोडीने दोन्ही टोकांना दांडा धरायचा, मिठाचे तीन खडे दारात घ्यायचे, दार फिरवून ते बाहेर टाकायचे, बाहेर तरंगणाऱ्या राखेचे दोन खडे आत घ्यायचे आणि दार परत वळवायचे. राख नगरीच्या उपयोगाची होती. प्रत्येक फेरीला दोघांत मिळून एक वडी खावी लागे. भट्टीवाले साखर जाळून वड्या पाडत आणि हमाल त्या दारोदार पोचवत. वडी पोटात गेल्याशिवाय दांडा हलत नसे. नगरीतल्या वड्यांचा मोठा वाटा असा मिठापायी संपे आणि तरी मीठ संपत नसे.

एका दारावर चिमाक्का आणि सयाजी होते. ती बुटकी, तो उंच. त्यामुळे दांडा नेहमी तिरका असे. सयाजी वडी मोडून मोठा तुकडा तिच्या बाजूला सरकवी आणि हे तिला कळत नाही असे समजे. दोघे फारसे बोलत नसत. दांडा फिरवताना बोलायला दम उरत नाही.

एका फेरीत दार अर्धे वळले आणि सयाजी थांबला. त्याचे डोळे उघडे होते आणि मुठी दांड्यावर आवळलेल्या होत्या. चिमाक्काने आपल्या बाजूने ओढून पाहिले. मग तिने वडी त्याच्या तोंडाशी नेली. ती तशीच राहिली.

झिजून संपलेल्याला मोडघरात नेण्याची त्या नगरीत रीत होती. तिथे त्याला सुटा सुटा करत आणि ते तुकडे विणकर घेऊन जात, नगरीच्या मधोमध असलेल्या गाभाऱ्यातून जे विणायचा हुकूम येईल, मग ते नवे माणूस असो की मोरी, त्यासाठी. पण त्याआधी एक गोष्ट व्हावी लागे. गेलेल्याची मूठ त्याच्या जोडीदारानेच दांड्यावरून सोडवायची, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. हा नियम कोणी केला ते कोणाला ठाऊक नव्हते. गाभाऱ्यातही तो लिहिलेला नव्हता, पण तो कधी मोडला गेला नव्हता.

चिमाक्काने मूठ सोडवली नाही.

"हे जरा थांबलेत," ती हमालाला म्हणाली. हमालाने नेहमीसारख्या दोघांच्या वड्या ठेवल्या आणि तो निघून गेला.

दार मात्र अर्धे वळलेले होते. ते ना आत बंद होते, ना बाहेर. असे दार मिठाला थांबवू शकत नाही. खडे त्यातून घरंगळत आत येऊ लागले, आधी एकेक, मग ओंजळीओंजळीने. चिमाक्का त्यांना पायाने मागे सारी. मोऱ्यांमधून पाणी आत येऊ लागले, आणि नगरी फुगू लागली.

सुरुवातीला लोकांना ते बरेच वाटले. भिंतीवरच्या जुन्या सुरकुत्या गेल्या. गल्ल्या रुंद झाल्या. साखरेवाले म्हणाले की नगरी हल्ली चांगली बाळसेदार दिसते. पुढे भट्टी आणि दारे यांच्यातले अंतर वाढले आणि वड्या उशिरा पोचू लागल्या. भिंत इतकी ताणली की तिच्यातून बाहेरचा उजेड दिसू लागला. शेजारच्या दारांवरच्या जोड्या दुप्पट फेऱ्या मारू लागल्या. अर्ध्या दाराने जे आत येत होते, ते त्यांच्याने आवरेना.

शेजारच्या दारावरचा बाळोजी चिमाक्काकडे आला. तो बोलका होता, आणि दमला की जास्तच बोलत असे.

"अक्का, काय चाललंय?"

"काम."

"कुणाचं? मिठाचं की आपलं?" त्याने दाराकडे पाहिले, सयाजीकडे पाहायचे टाळले. "माझी बायको म्हणते, असंच चाललं तर बाहेर जेवढं मीठ तेवढंच आत होईल. मी म्हटलं, मग बरंच की. त्या दिवशी सगळ्या दारांना सुट्टी."

तो हसला नाही. चिमाक्काही हसली नाही.

"होऊ दे सारखं," ती म्हणाली. "मला नाही आता ओढवत."

बाळोजीने भिंतीला हात लावला. भिंत हाताखाली थरथरत होती.

"तुला ओढायला कोण सांगतंय?" तो म्हणाला. "तू फक्त सोड. मला सोडवता आलं असतं तर मी कधीच सोडवलं असतं. शिव्या खाल्ल्या असत्या तुझ्या."

"तू हात लावू नकोस."

"नाही लावत. रीत माहितेय मला." आणि जाता जाता तो म्हणाला, "सयाजीदादा असते तर त्यांनी पहिल्यांदा तुलाच दटावलं असतं."

"ते कधी दटावत नसत," चिमाक्का म्हणाली. हे खरे होते. बाळोजी आपल्या दांड्याकडे परतला.

त्यानंतर मोडघरातून हरबाजी आला. तो म्हातारा होता, आणि त्याला पाहिले की लोक रस्ता बदलत. त्याने खांद्यावरची रिकामी झोळी खाली ठेवली आणि तो दारापासून जरा दूर, साचलेल्या पाण्यातच बसला. त्याने सयाजीकडे नीट पाहिले. एवढ्यात तसे कोणी पाहिले नव्हते.

"उंच होता," तो म्हणाला.

"हो. दांडा नेहमी तिरका व्हायचा."

"तुला त्रास होत असेल."

"सवय झाली होती." चिमाक्काने खाली पाहिले. "हरबाजी, तुम्ही यांचं काय करणार?"

"सुटं करणार."

"आणि?"

"विणकर नेतील. मोरीला लागेल, हमालाला लागेल, भिंतीच्या डागडुजीला लागेल. जिथं उणं असेल तिथं."

"कुठला तुकडा कुठं गेला, ते मला सांगाल?"

 खोटे बोलणे हरबाजीला सोपे होते आणि बरेच जण तेच मागत असत.

"नाही सांगता येणार," तो म्हणाला. "तिथं आले की सगळे मिसळतात. मी स्वतः कुणाकुणाचा आहे, ते तरी मला कुठं ठाऊक आहे?"

चिमाक्काने त्याच्या हातांकडे पाहिले. ते रुंद होते, बोटे आखूड होती, एका अंगठ्याची ठेवण बाकीच्यांशी जुळत नव्हती.

"मग यांचं असं काहीच राहणार नाही."

"इथं उभे राहिले तरी नाही राहणार. फक्त भिंत जाईल, आणि तिच्याबरोबर बाकीचे."

वर कुठेतरी भिंत करकरली. लांबच्या एका दारावरून कोणी ओरडले की वड्या संपल्या. हरबाजी उठला नाही. त्याने घाई केली असती तर चिमाक्काने कदाचित ऐकले नसते. तो पाण्यात बसून राहिला आणि पाणी त्याच्या कमरेपर्यंत आले.

मग चिमाक्का आपले टोक सोडून दांड्याच्या दुसऱ्या बाजूला गेली. इतकी वर्षे ती त्या बाजूला कधी आली नव्हती. तिथून दार वेगळे दिसत होते. तिची उभे राहायची जागा तिथून सरळ समोर होती, आणि दांडा तिरका असल्यामुळे त्याचे जास्त ओझे या टोकावर येत होते. 

मग तिने त्याची करंगळी उचलली. ती सहज निघाली. पुढची बोटे घट्ट होती. तिने ओढले नाही, प्रत्येक बोटाखाली आपले बोट सरकवत गेली. दुसऱ्या मुठीला जास्त वेळ लागला. शेवटचा अंगठा निघाल्यावर सयाजी मागे भिंतीवर टेकला, आणि भिंत त्याच्या भाराने बाहेर न जाता आतल्या बाजूला वाकली. ती वाकत गेली, त्याच्याभोवती सर्व बाजूंनी आली, वर तिच्या कडा एकमेकींना चिकटल्या आणि एक गोल गाठोडे सुटून नगरीच्या आत आले. त्याला शिवण नव्हती. जिथून ते निघाले तिथेही भिंतीला शिवण नव्हती, फक्त भिंत तेवढ्यापुरती कमी झाली होती. हरबाजीची झोळी लागलीच नाही. त्याने गाठोड्याला खांदा दिला आणि तो पाण्यातून हळूहळू चालत गेला. चिमाक्काने वळणापर्यंत पाहिले.

दांडा मोकळा झाल्यावर दार आपल्या वजनाने वळून आतून बंद झाले. मीठ यायचे थांबले.

विणकरांकडून एक नवखी आली. तिची वीण अजून ओली होती, आणि दांडा कुठून धरायचा हेही तिला कळत नव्हते. चिमाक्काने तिचे हात धरून त्या टोकावर ठेवले. नवखी ना उंच होती ना बुटकी. दांडा जवळजवळ सरळ झाला.

"हे कधी संपतं?" नवखीने विचारले.

"आधी वडी खा," चिमाक्का म्हणाली. "उपाशीपोटी काही व्हायचं नाही."

दोघींनी वडी मोडून खाल्ली. चिमाक्काला तिची चव लागली नाही, पण दांडा हलला. पहिले तीन खडे बाहेर पडले. मग आणखी तीन. बाळोजीच्या दारावरून, त्यापलीकडच्या दारांवरून दांड्यांचा आवाज येत होता. भिंतीवर पहिली सुरकुती आली, तिच्या शेजारी दुसरी.

आणि गेलेल्या मिठामागे पाणी निघाले. आधी मोरीच्या तोंडाशी थेंब जमला, थोडा वेळ थांबला, मग खाली उतरला. त्यामागे दुसरा आला, आणि मग त्यांना थांबायचे कारण उरले नाही. चिमाक्का दांडा फिरवत राहिली आणि भिंतीच्या बाहेरच्या अंगाने पाणी ओघळत राहिले. नगरीत कोणी ते पुसायला गेले नाही.