मुठीतला गोटा

खूप खूप वर्षांपूर्वी डोंगरदऱ्यांत एक राज्य होतं. तिथल्या वाटा अशा अवघड, की घोडं दोन पावलांत गुडघ्यावर यायचं. मग राजाची पत्रं न्यायची कुणी? माणसांनी, पळत! त्यांना जासूद म्हणत. त्यांच्यात जो पहिला, त्याच्या हाती घुंगरांची काठी असे. ती वाजली की सरदारसुद्धा वाट सोडून उभा राही.

ही काठी दरसाल शर्यतीत जिंकावी लागे. उजाडताना गडावरून निघायचं, तीन डोंगर ओलांडायचे आणि दुपारी वडाच्या पारावर पोचायचं. पहिला आला की मिळाली काठी, असं मात्र नाही हं! पहिल्या आलेल्याला पारावर घोंगडीवर निजवत. त्याच्या मुठीत नदीतला एक गोटा देत आणि हाताखाली काशाचं ताट ठेवत. दमलेला माणूस तो, घटकाभरात त्याचा डोळा लागे. मूठ सुटे आणि गोटा ताटात पडे, ठण्ण! मग लोक टाळ्या वाजवत आणि काठी त्याची होई.

हे कशासाठी, म्हणाल, तर त्या डोंगरात एक मुळी उगवे. ती चघळली की दम लागत नसे, भूक लागत नसे आणि दोन-तीन दिवस झोपही येत नसे. ती खाऊन पळालेले दोघे जण पूर्वी चढावरच ऊर फुटून मेले होते. तेव्हापासून ही निजेची रीत पडली.

तर या राज्यात खेमा नावाचा जासूद होता. पाच वर्षं काठी त्याच्याच हातात. पण यंदा त्याचा उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता. त्यात येसजी नावाचा नवा गडी आला. सरावात तिसऱ्या डोंगराच्या चढावर तो खेमाला मागे टाकून गेला, आणि जाताना वर म्हणाला, "दादा, जपून या, घसरडं आहे."

झालं! त्या एका वाक्याने खेमाची झोप उडाली. काठी गेली तर आपण कोण? वाट कोण सोडेल? पाणी कोण पुढे करेल? शर्यत चार दिवसांवर आली. तो घरात येई, बाहेर जाई, अंगणात फेऱ्या मारी, पुन्हा आत येई.

"अहो, जरा बूड टेका की," त्याची बायको राही म्हणे. "तुम्हाला बघून मलाच गरगरायला लागलंय."

शेवटी शर्यतीच्या आदल्या दिवशी तो रानात गेला आणि मुळी उपटून घेऊन आला. निजेची परीक्षा? हात्तिच्या! झोपेचं सोंग काय, लहान पोरालाही घेता येतं. थोडा वेळ पडून राहायचं आणि गोटा सोडून द्यायचा. सोंगाचा बेत असा ठरला, आणि उजाडताना त्याने मुळी चघळली.

शर्यतीत काय पळाला खेमा! पहिला डोंगर कधी आला, कधी गेला, त्याला कळलंही नाही. तिसऱ्या चढावर येसजी कितीतरी मागे पडला होता. खेमा पारावर पोचला तेव्हा लोकांची भाकरीची फडकीसुद्धा सुटली नव्हती.

राहीने त्याच्यापुढे तांब्या धरला. "आता दोन घास खाऊन घ्या. पोटात कावळे ओरडत असतील."

"भूक नाही," खेमा म्हणाला. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तीन डोंगर पळून आलेल्या माणसाला भूक नाही? तिने भाकरी पुन्हा फडक्यात बांधून ठेवली.

निजेची परीक्षा घ्यायला लखमाबाबा होते. हे जुने जासूद. खेमाला पळायला त्यांनीच शिकवलेलं. त्यांनी त्याला घोंगडीवर निजवलं, मुठीत गोटा दिला आणि शेजारी मांडी घालून बसले.

खेमाने डोळे मिटले. अरे देवा, काय ते पडून राहणं! पायांत मुंग्या, कानांत धडधड, पापण्या आपोआप उघडायला बघत होत्या. पाठीखाली घोंगडीचा एकेक केस टोचत होता. आत्ता सोडू? नको, फार लवकर होईल. आता? आता तरी? शेवटी त्याला राहवेना. त्याने बोटं सैल केली.

ठण्ण!

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी काठीही पुढे आणली. खेमा मनात म्हणाला, सुटलो एकदाचा.

लखमाबाबांनी मात्र हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्यांनी ताटातला गोटा उचलला आणि हळूच खेमाच्या उघड्या तळहातावर ठेवला.

आता जासुदाला पहिल्या दिवशी काय शिकवतात ठाऊक आहे? हातावर काही ठेवलं की मूठ मिटलीच पाहिजे, नाहीतर राजाच्या पत्रांची थैली दरीत जायची. वीस वर्षांची सवय ती. खेमाची मूठ चट्‌कन मिटली.

काठी पुढे आणणाऱ्याने ती मागे घेतली.

"ऊठ, खेमा," बाबा म्हणाले. "निजलेल्याची मूठ मिटत नसते."

खेमा ताडकन उठून बसला. अंगाला दरदरून घाम सुटला होता. "बाबा, मुळी खाल्ली, चुकलो! पण ती नसती खाल्ली तरी मी जिंकलोच असतो. शपथेवर सांगतो!"

"जिंकलाही असतास," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "पण ते आता कुणाला कळायचं? आम्हाला नाही, आणि तुलाही नाही."

काठी येसजीला मिळाली, अर्थात तोही घटकाभर गाढ झोपल्यावर. खेमाला तीन वर्षं शर्यतीला बंदी झाली, आणि दरसाल पारावर ताट धरून बसायची शिक्षाही. शिक्षेचं त्याला एवढं वाटलं नाही. पण बाबांचं ते वाक्य! जेवताना, लाकडं फोडताना एकच प्रश्न त्याला कुरतडत राही. जिंकलो असतो का? त्याने स्वतःला शंभरदा विचारलं आणि उत्तर एकदाही मिळालं नाही.

बंदी संपली, तसा खेमा पुन्हा पळाला. गुडघा दुखत होता, तिसऱ्या चढावर तोंडाला फेस आला. तो चौथा आला. आल्या आल्या राहीच्या हातची दीड भाकरी त्याने खाल्ली आणि पारावरच आडवा झाला.

चौथ्याची परीक्षा कुणी घेत नाही. तरी लखमाबाबा काठी टेकत आले आणि त्यांनी त्याच्या मुठीत गोटा देऊन खाली ताट सरकवलं. दोन श्वासांत ठण्ण झालं. बाबांनी गोटा पुन्हा तळहातावर ठेवला. बोटं हललीसुद्धा नाहीत. खेमा तोंड उघडं टाकून घोरत होता.

"झोपू दे गं त्याला," बाबा राहीला म्हणाले. "तीन वर्षांची झोप राहिलीय."

मुलांनो, आणि मोठ्यांनोही, तात्पर्य एवढंच: फसवून मिळवलेला पहिला नंबर आपल्याला स्वतःचं खरं बळ कधीच कळू देत नाही.